एकट्यानं घाट ओलांडताना

पहिल्यांदाच एकटे निघताय, तेही डोंगरातून मित्राकडे? जरूर जा. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

सगळ्यात महत्त्वाचा उतार. चढताना गाडी दमते, उतरताना ब्रेक. नवखा माणूस उतारभर ब्रेकवर पाय ठेवून बसतो. मग चाकांकडून जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. मी हे एकदा अनुभवलंय, पुन्हा नको! तीव्र उतार लागण्याआधीच खालच्या गिअरमध्ये या, वेग इंजिनला धरू द्या. ब्रेक दाबा, सोडा. न्यूट्रल अजिबात नाही. वास आलाच तर मोकळी जागा बघून थांबा, ब्रेक निवू द्या.

बाकी थोडक्यात:

- उजेडात पोहोचा. डोंगरातले १०० किलोमीटर म्हणजे सपाटीवरचे १०० नव्हेत.
- नकाशा आधीच डाउनलोड करा, रेंज जाणारच.
- धुक्यात लो बीम. हाय बीमनं समोर पांढरी भिंत उभी राहते.
- स्टेपनीतली हवा बघा. ही हमखास विसरते.

देखावा गाडी बाजूला लावून बघा, वळणावर नाही. आणि मित्राला ‘सहाला पोहोचतो’ असं सांगूच नका. ‘अंधाराच्या आत’ म्हणा, म्हणजे उगाच घाई होत नाही. बर्फातलं ड्रायव्हिंग वगैरे पुढच्या खेपेला बोलू.