प्रॅम घेऊन एकटीनं बाहेर पडायचंय: कुठं काय सांभाळायचं

तुम्ही विचारलंय की बाळ साडेचार महिन्यांचं आहे, मोठा चार वर्षांचा सोबत असतो, आता एकटीनंच प्रॅम घेऊन रस्ता, लिफ्ट, ट्रेन असं सगळं करायचंय आणि घरचे म्हणतायत की कशाला एवढा उपद्व्याप, बाळ मोठं होऊ दे जरा. माझं मत स्पष्ट आहे, जा. माझी दोन्ही मुलं प्रॅममधूनच फिरली आणि एकटीनं फिरवताना जे शिकले ते सविस्तर लिहिते कारण तुमचा प्रश्न वाचून मला ते दिवस अगदी नीट आठवले, आणि त्या वेळी हे कुणीतरी मला बसवून सांगायला हवं होतं असं फार वाटायचं.

आपण घाबरतो ते चालत्या प्रॅमला, म्हणजे खड्डा, गाडी, धक्का वगैरे. पण चालताना आपले दोन्ही हात हँडलवर असतात, लक्ष समोर असतं. जपायचं असतं ते प्रॅम थांबलेली असताना. तिकीट काढायला थांबलो, फोन वाजला, मोठ्याच्या बुटाची लेस बांधायला वाकलो, तेवढ्यात हात सुटतो. आणि सपाट दिसणारी जमीन खरंतर सपाट नसते, फुटपाथ, पार्किंग, प्लॅटफॉर्म सगळीकडं पाणी वाहून जावं म्हणून थोडा उतार ठेवलेला असतो, डोळ्याला तो दिसत नाही पण चांगल्या बेअरिंगच्या चाकांना तो लगेच कळतो. २००९ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका स्टेशनवर हेच झालं होतं, आईचा हात क्षणभर हँडलवरून सुटला, प्रॅम घरंगळत रुळांवर गेली आणि येणारी ट्रेन तिच्यावर आदळली. बाळ किरकोळ दुखापतीवर वाचलं, सीसीटीव्हीचं ते फुटेज जगभर दाखवलं गेलं. त्या आईला दोष द्यायला मी हे सांगत नाहीये, तिच्या जागी आपल्यातली कुणीही असू शकली असती, म्हणूनच सांगतेय.

म्हणून सवय एकच लावायची पण ती हाडात भिनेपर्यंत लावायची: आधी ब्रेक, मग हात सुटणार. सपाट जागा असो, घराचा दरवाजा असो, दोन सेकंदांचं काम असो, क्रम बदलायचा नाही. आणि ब्रेकचा खटका पायानं दाबला म्हणजे ब्रेक लागलाच असं समजू नका, बऱ्याच प्रॅममधे आतली पिन चाकाच्या दात्यांच्या मधे बसावी लागते, ती दात्यावरच टेकली असेल तर प्रॅम थोडी सरकल्यावरच अडकते. तर ब्रेक दाबायचा, हँडल धरूनच प्रॅम जराशी पुढंमागं हलवून बघायची, अडकली की मग हात सोडायचा. प्रॅमसोबत मनगटात अडकवायचा पट्टा आला असेल तर उतारावर, पुलावर, प्लॅटफॉर्मवर तो नक्की घाला, फक्त काम झालं की बाळाच्या बाजूला लोंबकळत ठेवू नका.

आता रस्ता. एकटं चालताना आपण फुटपाथच्या कडेला जाऊन, थोडं वाकून दोन्हीकडं बघतो. प्रॅम ढकलत असताना तसंच केलं तर आपण अजून कडेपाशीच असतो आणि बाळ जवळजवळ मीटरभर पुढं, रस्त्यात असतं. पार्क केलेल्या दोन गाड्यांमधून निघताना तर हे हमखास होतं, आपल्याला अजून काही दिसलेलं नसतं आणि गाडीवाल्याला आपल्या आधी प्रॅमचं पुढचं चाक दिसतं. त्यामुळं कडेपासून चांगलं दोन-तीन पावलं मागं थांबायचं, प्रॅम रस्त्याकडं तोंड करून न ठेवता आडवी, म्हणजे फुटपाथला समांतर ठेवायची, बघायचं ते बघून झालं की मग वळवायची. गाड्यांच्या मधून क्रॉस करावंच लागलं तर पुढं आपण जायचं आणि प्रॅम मागून ओढून घ्यायची, पण शक्यतो क्रॉसिंगपर्यंत चालत जा, तेवढं चालणं परवडतं.

मागं थांबण्याचा अजून एक फायदा आहे जो मला खूप उशिरा समजला. प्रॅममधल्या बाळाचं नाक जमिनीपासून साधारण अर्धा ते पाऊण मीटरवर असतं, म्हणजे गाडीच्या सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराच्या जवळ. इंग्लंडच्या सरे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली या विषयावरचे अभ्यास एकत्र करून मांडलं होतं की प्रॅममधल्या बाळाला मोठ्या माणसापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण झेलावं लागू शकतं. सिग्नलला गाड्या धूर सोडत उभ्या असताना आपण बाळाला त्यांच्या तोंडाशी नेऊन ठेवायचं काही कारण नाही. दोन रस्ते जात असतील तर आतला, गल्लीतला, जरा लांबचा असला तरी तो घ्या.

फुटपाथची कड चढताना उतरताना घाई नको. चढताना हँडल खाली दाबून पुढची चाकं वर घ्यायची, ती वर टेकली की मागची उचलायची. उतरताना उलटं फिरून मागची मोठी चाकं आधी खाली घेतली की बाळ पुढं झुकत नाही, पण तेव्हा आपली पाठ ट्रॅफिककडं असते हे विसरू नका, म्हणून जिथं उतरता रॅम्प आहे तिथूनच उतरायचं आणि उलटं उतरायचा प्रकार शांत जागेसाठी ठेवायचा. रूळ, गटाराच्या जाळ्या, पुलाच्या सांध्यातल्या फटी यांच्यावरून कायम सरळ काटकोनात जायचं, तिरकं गेलं की पुढचं गोल फिरणारं छोटं चाक वळून फटीत अडकतं आणि प्रॅम जागेवर थांबते पण आपण चालतच असतो. खडबडीत रस्त्यावर पुढची चाकं लॉक करता येतात, खटका चाकाच्या वरच असतो, तो वापरा.

सरकत्या जिन्यावर प्रॅम न्यायची नाही. लोक नेतात, मी रोज बघायचे, एक हात जिन्याच्या कठड्यावर आणि एका हातानं प्रॅम तिरकी धरून. पण जिन्याच्या पायरीवर चारही चाकं बसत नाहीत, सगळं वजन तुमच्या मनगटावर असतं आणि खरी अडचण शेवटी येते, जिथं पायऱ्या आत जातात तिथल्या दातेरी पट्टीला पुढचं चाक अडलं तर प्रॅम थांबते, जिना थांबत नाही आणि मागची माणसं तुमच्यावर येत राहतात. प्रॅम घडी करून बाळ कडेवर घेऊन जाणंही एकटीला बरं नाही, दोन्ही हात गुंतलेले, धरायला काही नाही आणि तुमच्यासोबत चार वर्षांचा पण आहे. लिफ्ट शोधा, दोन फेऱ्या जाऊ द्या, थांबा. लिफ्टमधे जाताना बंद होत असलेल्या दारात प्रॅम घालून दार थांबवायचं नाही, ही सवय मी खूप जणांची बघितलीये आणि मला ती बघवत नाही, कारण त्या दारात सगळ्यात आधी बाळाचे पाय असतात. दार बटणानं थांबवा, लिफ्ट मजल्याला नीट टेकली आहे का बघा (थोडी वरखाली असेल तर पुढचं चाक त्या कडेवर आपटतं), आत गेल्यावर ब्रेक.

ट्रेनचं पण तसंच, दार बंद व्हायच्या बेतात असेल तर ती ट्रेन सोडायची. प्लॅटफॉर्मवर पिवळ्या रेषेच्या बरंच मागं, शक्य असेल तर भिंतीजवळ थांबायचं, प्रॅम रुळांना समांतर, ब्रेक लावलेला आणि वर एक हातही. ब्रेक लावून परत हात कशाला असं वाटेल, पण न थांबता वेगात जाणारी गाडी सोबत हवेचा लोट घेऊन जाते, तो आधी ढकलतो आणि मग ओढतो, मालगाडीचा तर जास्तच, हलक्या प्रॅमला तो हलवू शकतो. चढताना फट मोठी असेल तर पुढची चाकं उचलून घ्या आणि खुशाल कुणालातरी मदत मागा. फक्त मदत करणाऱ्याला कुठं धरायचं ते तोंडानं सांगा, लोक पटकन बाळाच्या समोरचा आडवा बार धरतात आणि तो बऱ्याच प्रॅममधे बटण दाबून निघणारा असतो, उचलायसाठी नसतोच. खालची फ्रेम धरायला सांगायचं. जिने असतील तर आधी बाळ बाहेर काढून कडेवर घ्या आणि प्रॅम त्या माणसाला रिकामी नेऊ द्या. बसमधे प्रॅमसाठी जागा राखीव असेल तर तिथं ठेवा, बऱ्याच ठिकाणी बाळाची पाठ बसच्या पुढच्या बाजूला करून टेकूला लावून उभी करायला सांगतात, म्हणजे जोरात ब्रेक लागला तर बाळ पाठीवर दाबलं जातं, पट्ट्यावर लोंबत नाही. जागा नसेल तर घडी करायची तयारी ठेवा, त्यासाठी एका हातानं घडी करायचा सराव घरी करून घ्या.

पिशव्या हँडलला अडकवू नका. बाळ आत असताना सगळं ठीक वाटतं, बाळाला उचललं की पुढचं वजन गेलं आणि प्रॅम मागं कोसळते, आणि कधीकधी बाळ आत असतानाच कोसळते. वजन खालच्या टोपलीत, तेही कंपनीनं लिहिलेल्या मर्यादेत. गरम कप हँडलवरच्या होल्डरमधे तर अजिबात नको, तो बाळाच्या बरोबर वर असतो.

पट्टे कायम लावायचे, झोपलं असलं तरी, दोन खांद्यांचे दोन कमरेचे एक पायांमधला असे पाचही. साडेचार महिन्यांचं बाळ कुठं पडतंय असं वाटतं पण याच वयात ते कधी पालथं पडायला लागेल सांगता येत नाही. अजून आधाराशिवाय बसत नाही त्यामुळं सीट पूर्ण आडवी ठेवा, अर्धवट बसवलं तर मान पुढं पडून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला त्रास होऊ शकतो.

ऊन आहे म्हणून प्रॅमवर कापड टाकायची पद्धत मात्र मला मनापासून थांबवावीशी वाटते, कारण ती सगळी आई-आज्या प्रेमानंच करतात. स्वीडनच्या एका वर्तमानपत्रानं २०१४ साली उन्हात प्रॅम ठेवून तापमान मोजलं होतं, उघड्या प्रॅममधे २२ अंश आणि पातळ कापड टाकल्यावर अर्ध्या तासात ३४, तासाभरात ३७. पातळ असलं तरी हवा अडते आणि बाळ आपल्याला दिसत पण नाही. हूड किंवा क्लिपची छत्री वापरा, सावलीतून जा आणि बाळाची मान आणि छाती हात लावून बघत राहा. पावसाचं प्लॅस्टिक कव्हरही आपण घरात किंवा दुकानात शिरलो की लगेच काढायचं.

खूप गर्दी असणार हे माहीत असेल तर प्रॅम नेऊच नका, बाळ छातीशी कॅरिअरमधे घ्या. गर्दीत प्रॅम कुणाला दिसत नाही, लोक अडखळतात, आणि त्यांच्या बॅगा बरोबर बाळाच्या तोंडाच्या उंचीवर असतात. ओळख नसलेले लोक वाकून गालाला हात लावतात त्यांना सरळ "नको, झोपतंय" म्हणायचं, वाईट वाटून घ्यायचं नाही. आणि प्रॅम दाराबाहेर, काउंटरजवळ, टॉयलेटबाहेर बाळासकट सोडायची नाही, मोठं टॉयलेट शोधा ज्यात प्रॅम आत येते.

मोठ्याचं. त्याची एक ठराविक जागा ठरवा, हँडलच्या बाजूची फ्रेम धरायची आणि तीही रस्त्यापासून लांबच्या बाजूची, रस्ता बदलला की बाजू बदलायची, मुलांना हा नियम आवडतो, काम दिल्यासारखं वाटतं. दमला म्हणून प्रॅमच्या पुढच्या पायरीवर उभं करू नका, प्रॅम पुढं उलटते. मागं लावायचा चाकांचा बोर्ड मिळतो, तुमच्या मॉडेलला चालतो का आणि वजन किती घेतो ते बघून घ्या.

आणि तुम्ही लिहिलंय की प्रॅम नातेवाइकांकडची वापरलेली आहे. चालेल, पण आधी बाळाऐवजी काहीतरी जड ठेवून उतारावर ब्रेक तपासा, प्रत्येक चाक ओढून बघा निघतं का, पट्ट्यांची बकलं नीट बसतात का बघा, आणि कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर टाकून ते मॉडेल काही दोषामुळं कंपनीनं परत मागवलं होतं का हे शोधा. २००९ साली अमेरिकेत मॅक्लारेन या कंपनीच्या सुमारे दहा लाख स्ट्रोलर्ससाठी (म्हणजे घडीच्या प्रॅमसाठी) असं आवाहन झालं होतं, उघडताना बाजूच्या बिजागरीत मुलांची बोटं सापडून टोकं तुटल्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या होत्या, आणि उपाय म्हणून कंपनीनं बिजागरीवर बसवायची कव्हरं फुकट दिली होती. कुठल्याही कंपनीची असो, घडी उघडताना आणि बंद करताना दोन्ही मुलं हाताच्या अंतरापलीकडं हवीत, मोठ्याला तर "मागं दोन पावलं" असं म्हणून ती घेतल्याशिवाय प्रॅमला हात लावू नका.