सोसायटीच्या ग्रुपवर आधार कार्ड कशाला हवं?

प्रश्न : ताई नमस्कार, ठाण्यात आमची 84 फ्लॅटची सोसायटी आहे, मी सेक्रेटरी (हौस नव्हती, कोणी तयारच होईना). भाडेकरूंचं आधार, पॅन आम्ही कमिटीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर मागवतो. आता एक भाडेकरू म्हणतो नवीन डेटा कायदा आलाय, माझं सगळं डिलीट करा. वर एक एजन्सीवाला सांगून गेला, सर्टिफिकेट घ्या नाहीतर 250 कोटी दंड! घ्यायचं का?

उत्तर : आधी त्या एजन्सीवाल्याला चहा पाजून वाटेला लावा, कायद्यात असलं सर्टिफिकेटच नाही. 250 कोटी आकडा खरा आहे पण ती कमाल मर्यादा, डेटा नीट सांभाळला नाही तर, आणि दंड ठरवताना चूक किती गंभीर तेही बघतात. कायदा (डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा) 2023 चा, नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी 18 महिने दिलेत, म्हणजे वेळ आहे, पण झोपा काढण्याइतका नाही.

खरी गडबड तुमच्या त्या ग्रुपमध्येच आहे हो. तिथे टाकलेलं आधार प्रत्येक मेंबरच्या गॅलरीत जाऊन बसतं, मागच्या कमिटीतले दोघं अजून ग्रुपात असतील तर त्यांच्याकडेही, आणि या जबाबदाऱ्या लागू झाल्यावर कोणाचा फोन हरवला तर ज्यांचा डेटा गेला त्या सगळ्यांना आणि डेटा बोर्डाला (या कायद्याखालचं सरकारी मंडळ) कळवायची जबाबदारी सोसायटीचीच, बोर्डाला तर 72 तासांत सविस्तर. म्हणून ग्रुपवर मागवणं आजच बंद. पॅन तर तुम्हाला लागतच नाही, ते का मागता मला कळलेलं नाही. ओळखीपुरतं मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात, आणि कशासाठी घेतोय, किती दिवस ठेवणार हे साध्या मराठीत लिहून द्या.

गेटवरचं वहीतलं रजिस्टर या कायद्यात येत नाही, पण तेच एक्सेलमध्ये चढवलं की येतं. गेटचं अॅप असेल तर कंपनीशी लेखी करार हवा, 'ते अॅपवाले बघतील' चालणार नाही.

भाडेकरूचं म्हणाल तर त्याचं बरंचसं बरोबर आहे. तो राहतोय तोवर नाव, फोन, भाडेकराराची प्रत ठेवा, बाकी ग्रुपमधून आणि सगळ्यांच्या फोनमधून उडवा आणि तसं त्याला लेखी कळवा. मात्र उद्या एखादा सभासद आय नमुन्यातल्या रजिस्टरमधून (सभासदांची नोंदवही) नाव काढा म्हणाला तर नाही सांगा, ते सहकार कायद्याने ठेवावंच लागतं.