एमआरआय नॉर्मल, मग गोळ्या कशाला?

सोलापूरच्या एका बहिणीचं पत्र आहे. धाकटा भाऊ 20 वर्षांचा. गड्ड्याच्या यात्रेनंतर त्याला आवाज ऐकू येऊ लागले, लोक पाळत ठेवतात असं वाटू लागलं. डॉक्टरांनी सुरुवातीचा स्किझोफ्रेनिया सांगून गोळ्या दिल्या. एमआरआय नॉर्मल आला, म्हणून काका म्हणतात गोळ्या बंद करा. मावसभाऊ मोबाइलवर वाचून म्हणतो, मेंदूतलं व्हाइट मॅटर खराब झालंय, आता उपयोग नाही. पुण्याला नेऊन मोठा स्कॅन करावा का, असं ती विचारते.

अगं, आधी काकांचं बघू. साधा एमआरआय गाठ, सूज, रक्तस्राव असं काही नाही ना, हे बघायला काढतात. स्किझोफ्रेनिया त्यात दिसत नाही. तो माणसाशी आणि घरच्यांशी बोलूनच ओळखतात. रिपोर्ट चांगला आला, बरंच झालं. गोळ्यांशी त्याचा संबंध नाही.

मावसभावानं वाचलं ते खोटं नाही, अर्धवट आहे. व्हाइट मॅटर म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणारे तंतू. त्यांतून पाण्याचे कण कितपत एकाच दिशेनं सरकतात हे डीटीआय नावाच्या खास एमआरआयनं मोजतात. 1,963 रुग्ण आणि 2,359 निरोगी माणसं यांची अशी मोजमापं 2018 साली एकत्र मांडली गेली, तेव्हा 25 पैकी 20 भागांत रुग्णांचे आकडे सरासरीनं कमी निघाले. आजार नवा असतानाही असा फरक आढळला आहे. पण सरासरीच ती! पुरुष सरासरीनं बायकांपेक्षा उंच असतात, म्हणून नुसती उंची ऐकून समोर बाई आहे की पुरुष, हे सांगता येईल का? तुझ्या एकट्या भावाचा स्कॅन बघून तो किती सुधारेल, हे कुणालाच सांगता येत नाही. पुण्याचा खर्च करू नकोस.

गोळ्यांनी झोप येते, वजन वाढतंय, असं तू लिहिलंस. हे डॉक्टरांना स्पष्ट सांग. डोस किंवा औषध बदलता येतं. मनानं बंद केल्या तर आजार उलटायचा धोका फार. तुम्ही महिन्याभरात डॉक्टर गाठलात, हे फार चांगलं केलंत. (पुष्कळ घरांत आधी गंडेदोरे होतात. दोष देत नाही, पण वेळ जातो.) गांजा-दारूपासून त्याला लांब ठेवा.

जिवाचं बरंवाईट करायची भाषा निघाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्रीबेरात्री बोलावंसं वाटलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे. आणि पुढच्या तारखेला काकांना बरोबर घेऊन जा. त्यांची शंका त्यांनाच डॉक्टरांना विचारू दे.