चाचणीनंतरच्या तासाला काय बदलतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्गात ५० मुलं, दर आठवड्याला २० गुणांची चाचणी, पेपर तपासून तीन दिवसांत परत, तरीही सत्र परीक्षेत त्याच चुका. मग मूल्यमापनाची कोणती साधनं वापरावीत, वेळ कुठून काढावा आणि त्यांचे गुण निकालात धरावेत का?

साधनांकडे वळण्याआधी तुमच्या आताच्या पद्धतीत काय सुटतंय ते पाहू. चाचणी झाली, गुण वहीत चढले आणि पुढच्या तासाला नियोजनातला पुढचा घटक सुरू झाला. चाचणीत जे दिसलं त्यामुळे शिकवण्यात काहीच बदललं नाही, मग मुलांच्या उत्तरांत कसं बदलेल? मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये आकारिक (काम चालू असताना ते सुधारण्यासाठीचं) आणि संकलित (शेवटी निकाल ठरवण्यासाठीचं) असा जो फरक मांडला, तो मूल्यमापन कशासाठी वापरलं जातं यावरून. आपण मात्र छोटी चाचणी म्हणजे आकारिक आणि मोठी परीक्षा म्हणजे संकलित असं धरून चालतो. २० गुणांची चाचणी छोटी असली तरी तिच्यातून फक्त गुण निघत असतील तर ती संकलितच झाली.

म्हणून कुठलाही प्रश्न वर्गात विचारण्याआधी टाचणात दोन ओळी लिहा. बहुतेकांचं बरोबर आलं तर मी काय करणार, आणि अमुक चूक बऱ्याच जणांनी केली तर काय करणार. दुसरी ओळ सुचत नसेल तर तो प्रश्न तुमच्या कामाचा नाही, दुसरा शोधा. ही एक सवय लागली की पुढची साधनं आपोआप उपयोगी पडू लागतात. ती नसेल तर कितीही साधनं आणा, कागद वाढतील एवढंच.

सगळ्यात जास्त मेहनत प्रश्न तयार करण्यावर घ्या. तासाच्या मध्यावर, पुढे जायचं की थांबायचं हे ठरवणारा एकच प्रश्न हवा. मुलांना उत्तर द्यायला दोन मिनिटं आणि तुम्हाला ती उत्तरं वाचायला अर्धं मिनिट पुरलं पाहिजे. दशांश अपूर्णांकाचं उदाहरण घ्या. "०.७५ आणि ०.३ यांतली मोठी संख्या कोणती?" हा प्रश्न दिसायला ठीक आहे, पण ज्याला "जास्त अंक म्हणजे मोठी संख्या" असं वाटतं तोही ०.७५ हेच सांगेल. उत्तर बरोबर, विचार चुकीचा, आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. आता असं विचारा: ०.६२, ०.५ आणि ०.३७५ यांतली सर्वांत मोठी कोणती? जास्त अंकांवर जाणारा ०.३७५ निवडेल. "दशांश हे शतांशापेक्षा मोठे, म्हणून कमी अंकांची संख्या मोठी" असं मानणारा ०.५ निवडेल. ०.६२ निवडायला स्थानिक किंमत कळलेली असावी लागते. इथे प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक गैरसमजाचं नाव सांगतो आणि दोघांवरचा उपायही वेगळा आहे. पहिल्याला सगळ्या संख्या तीन दशांश स्थळांपर्यंत लिहायला लावा: ०.६२०, ०.५००, ०.३७५. दुसऱ्याला शंभर घरांच्या चौकटीत ६२ घरं आणि ५० घरं रंगवायला द्या.

तीन पर्याय असले की अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. त्याच कल्पनेवरचा दुसरा प्रश्न लगेच जोडला की दोन्ही अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता नवात एक उरते. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी दोन प्रश्न ठेवा.

चुकीचे पर्याय कुठून आणायचे? डोक्यातून काढू नका, मुलांच्या जुन्या वह्या आणि पेपर उघडा. मागच्या वर्षीच्या पेपरांत ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, तेच तुमचे पर्याय.

उत्तर मात्र सगळ्यांकडून एकाच वेळी घ्यायचं. हात वर करणाऱ्या चार-पाच मुलांवरून वर्गाचा अंदाज बांधला तर तो नेहमी फसतो, कारण हात वर होतात ते उत्तर येणाऱ्यांचेच. पाटी, अ-ब-क लिहिलेली कार्डं किंवा नुसती बोटं, काहीही चालेल. क्रम असा ठेवा: प्रश्न फळ्यावर, एक मिनिट शांतता, उत्तर पाटीवर लिहून पाटी उलटी, मग "दाखवा" म्हटल्यावर सगळ्यांच्या पाट्या एकदम वर. बोटं वापरत असाल तर ती छातीशी धरायला सांगा, मागच्याला दिसत नाहीत. पाट्या एकेक करून वर येऊ दिल्या की निम्मा वर्ग हुशार मुलाकडे बघून उत्तर पुसतो आणि तुमच्या हाती खोटं चित्र येतं.

शांततेची ती वेळ खरोखर द्या. मेरी बड रो यांनी वर्गातल्या संवादाची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एका सेकंदाच्या आसपासच थांबतात असं दिसलं. हा थांबा तीन सेकंद किंवा जास्त केला की उत्तरं लांब येऊ लागली आणि गप्प बसणाऱ्यांचं प्रमाण घटलं. मनात एक ते पाच मोजा. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, तरी तोंड उघडू नका.

पाट्या वर आल्या, पुढे काय? हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांची १९९१ पासूनची पद्धत इथे फार कामाची आहे. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी असतील तर कल्पनाच पोचलेली नाही, वेगळ्या मार्गाने पुन्हा शिकवा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे चला, मागे राहिलेल्यांची नावं टिपून ठेवा. मधल्या पट्ट्यात असतील तर उत्तर जाहीर न करता, ज्याचं उत्तर वेगळं आहे अशा शेजाऱ्याला दोन-तीन मिनिटं पटवून द्यायला सांगा आणि पुन्हा पाट्या वर करायला लावा. ५० मुलांच्या वर्गात हे आकडे १५ आणि ३५ होतात, नजरेने मोजता येतात.

यातली एक फसवी जागा लक्षात ठेवा. चर्चेनंतर सगळे बरोबर उत्तरावर आले तरी काही जण केवळ हुशार मुलाच्या मागे गेलेले असतात. म्हणून दुसऱ्या फेरीनंतर त्याच कल्पनेवरचा नवा प्रश्न चर्चेविना सोडवायला द्या. खरं काय ते तिथे कळतं.

तास संपतानाची चिठ्ठी हे दुसरं साधन. एक प्रश्न, अर्धा कागद, तीन मिनिटं. घंटेच्या ठोक्याला मागितली तर मुलं दप्तर भरता भरता काहीतरी खरडतात, म्हणून घंटेआधी सहा मिनिटं शिल्लक ठेवा. "आज काय शिकलो?" असं विचारलं की फळ्यावरचं शीर्षक परत येतं. "समजलं का?" विचारलं की "हो" येतं. त्याऐवजी एक छोटं काम द्या: "१/२ + १/३ = २/५ असं एकाने लिहिलं. त्याचं कुठे चुकलं ते एका वाक्यात लिहा." अशा चिठ्ठीवर नाव हवं. "आजच्या तासात सगळ्यात अस्पष्ट काय राहिलं?" असं विचारायचं असेल तर नाव नको, नाहीतर कोणी खरं लिहिणार नाही.

घरी नेऊन या चिठ्ठ्या तपासत बसू नका. त्यांवर काही लिहायचं नाही, गुण द्यायचे नाहीत. फक्त तीन ढीग करा: कळलंय, अर्धवट कळलंय, कळलेलं नाही. सरावाने ५० चिठ्ठ्या दहा मिनिटांत होतात. तिसरा ढीग मोठा असेल तर उद्याची सुरुवात सगळ्या वर्गासाठी पुन्हा त्याच मुद्द्याने. तो पाच-सहा चिठ्ठ्यांचा असेल तर इतर जण सराव करत असताना त्या मुलांना फळ्याजवळ बोलवा. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला "काल बऱ्याच जणांनी छेदांचीही बेरीज केली, म्हणून आज तिथूनच सुरू करू" एवढं एक वाक्य बोला. आपलं लिहिलेलं वाचलं जातं हे मुलांना दिसलं की ती मनापासून लिहितात. दोन-तीन वेळा चिठ्ठ्या घेऊन तुम्ही काहीच केलं नाही, तर हे साधन त्या वर्गापुरतं निकामी झालं असं समजा.

आता तुमची चाचणी. ती बंद करू नका, पंधरवड्याला एक करा. एक पेपर चार मिनिटांत तपासला तरी ५० पेपरांना तीन तासांहून जास्त लागतात. हा वेळ तुम्ही आज दर आठवड्याला घालवताय. वेळ कुठून आणायचा याचं उत्तर इथेच आहे.

तपासून झाल्यावर पेपर गुणांच्या क्रमाने लावा. वरचे १४ आणि खालचे १४ वेगळे काढा. ५० पैकी २७ टक्के म्हणजे साधारण तेवढेच होतात. प्रत्येक प्रश्नासाठी वरच्या गटात किती बरोबर आणि खालच्या गटात किती, हे दोनच आकडे लिहा. वर १२ आणि खाली ४ असतील तर फरक ८, त्याला १४ ने भागलं की ०.५७. असा प्रश्न येणाऱ्यांना आणि न येणाऱ्यांना नीट वेगळं करतो. उत्तर ०.२ च्या खाली आलं तर प्रश्न पुन्हा वाचा: भाषा दुहेरी अर्थाची आहे का, दोन पर्याय बरोबर ठरतात का, आकृती अस्पष्ट आहे का. ऋण आलं, म्हणजे वरच्या गटापेक्षा खालच्या गटाचं जास्त बरोबर आलं, तर आधी उत्तरसूची तपासा. बरेचदा चूक तिथेच सापडते. सगळ्यांनी बरोबर सोडवलेल्या प्रश्नाचा फरकही शून्यच येतो, तो दोष नव्हे. आणि दोन्ही गटांत जेमतेम दोघा-तिघांचं बरोबर असेल, तर मुलांना दोष देण्याआधी तो भाग आपण कसा शिकवला ते टाचणात पाहा.

बहुपर्यायी प्रश्नांत नुसतं बरोबर-चूक न लिहिता कोणता पर्याय निवडला तेही लिहा. १४ पैकी ९ जणांनी एकच चुकीचा पर्याय निवडला असेल तर तो गैरसमज आहे. चुका सगळ्या पर्यायांत विखुरलेल्या असतील तर मुलं अंदाज करत होती.

लेखी उदाहरणांत निष्काळजीची चूक आणि न समजल्याची चूक वेगळी करायची साधी युक्ती आहे. तशाच धर्तीचं दुसरं उदाहरण सोडवायला द्या. निष्काळजीची चूक सहसा पुन्हा होत नाही, गैरसमजाची हमखास होते. तिसरा प्रकारही असतो, प्रश्नाची भाषाच न कळण्याचा. तोच प्रश्न तोंडी, सोप्या शब्दांत विचारल्यावर मूल सोडवत असेल तर गणिताचा उपचार करून उपयोग नाही.

पेपर परत देण्याची पद्धत बदला, कारण तुमचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतंय असं मला वाटतं. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्या गटात. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच वागली. गुण दिसला की शेरा वाचायचा राहून जातो. म्हणून पेपर आधी गुणांशिवाय द्या, गुण तुमच्या वहीत ठेवा. शेरा असा लिहा की त्यातून मुलाला काम निघेल. "लक्ष दे", "छान", "अजून प्रयत्न हवेत" यांतून काही निघत नाही. "या पाचांपैकी दोन चुकली आहेत, कोणती ते शोधून दुरुस्त कर" यातून निघतं. दुरुस्तीला त्याच तासात पंधरा मिनिटं द्या. घरी करायला सांगितली तर ती कोणाच्या तरी वहीतून उतरून येते. गुण दुरुस्ती झाल्यावर सांगा. ५० जणांना वेगवेगळे शेरे लिहिणं अवघड आहे, म्हणून सहा-सात नेहमीच्या चुकांना क्रमांक द्या, पेपरवर फक्त क्रमांक लिहा आणि त्याचा अर्थ व करायचं काम फळ्यावर लिहून ठेवा.

उत्तर आठवून लिहिण्यानेच शिकणं पक्कं होतं, हा चाचणीचा वेगळाच फायदा. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले. तासाच्या सुरुवातीला चार छोटे प्रश्न ठेवा: दोन कालचे, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा. पाच मिनिटांत सोडवून मुलांनी स्वतःच तपासायचे. सत्र परीक्षेत जुन्या घटकांवर होणाऱ्या चुकांवर याचाच सगळ्यात जास्त उपयोग होईल.

निबंध, प्रकल्प यांसाठी निकषांचा तक्ता चांगला, पण तीन-चार निकषांच्या वर जाऊ नका आणि रकान्यात "उत्तम", "मध्यम" न लिहिता काय दिसलं पाहिजे ते लिहा. हिरवा-पिवळा-लाल दाखवून समजल्याची खूण घेणं सोपं आहे, पण त्यातून मुलाचा आत्मविश्वास कळतो, समज नाही. सोबत एक प्रश्न हवाच. मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषांत वेगाला गुण असतील तर ती सोय बंद ठेवा, नाहीतर मुलं विचार न करता बटण दाबतात.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिला महिना एकाच वर्गात आठवड्याला दोन पाटी-प्रश्न आणि एक चिठ्ठी, बस. पेपर परत देण्याची नवी पद्धत दुसऱ्या महिन्यात.

पाट्या, चिठ्ठ्या आणि सुरुवातीचे चार प्रश्न यांचे गुण निकालात अजिबात धरू नका. गुण लागले की मुलं चूक लपवतात, आणि तुम्हाला तर नेमकी तीच बघायची आहे. पंधरवड्याच्या चाचणीचे धरले तरी हरकत नाही. शाळेला नोंद हवी असेल तर एका वहीत चार रकाने आखा: तारीख, विचारलेला प्रश्न, दिसलेली मुख्य चूक, पुढच्या तासाला केलेला बदल. चौथा रकाना सलग रिकामा राहू लागला तर त्या आठवड्यात नवे प्रश्न घेणं थांबवा आणि आधी तो भरा.