पेसाहचा मात्झा आणि बाबांची साखर

प्रश्न : आम्ही ठाण्यातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. माझे वडील ७२ वर्षांचे असून १४ वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. गेल्या पेसाहला, म्हणजे आमच्या वल्हांडण सणाला, त्यांनी रात्रीच्या गोळ्या नेहमीप्रमाणे आठ वाजता घेतल्या, पण हगादा (सणाची कथा आणि प्रार्थना) वाचून जेवायला बसेपर्यंत साडेदहा झाले. मधेच त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि साखर ५८ निघाली. पुढे आठवडाभर मात्र ती २५०च्या खाली आली नाही. एकही विधी सोडायला ते तयार नाहीत. काय करावे?

– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, विधी सोडण्याची गरज नाही, गोळीची वेळ मात्र बदलावी लागेल. पोटात अन्न गेले आहे की नाही हे न पाहता ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, त्यामुळे गोळी आठला आणि जेवण साडेदहाला असे झाले की साखर घसरणारच. सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या विधिपूर्वक जेवणाच्या, रात्री ही गोळी जेवणाबरोबर घ्यावी की मात्रा कमी करावी, हे त्यांच्या डॉक्टरांना सणाआधीच विचारून ठेवा; मनाने बदल करू नका. संध्याकाळी त्यांना उकडलेले अंडे आणि थोडे फळ द्या, म्हणजे ते उपाशीपोटी सेदरला बसणार नाहीत. साखर ७०च्या खाली गेली, तर वाचन तिथेच थांबवून तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. साधी साखर हामेत्स (पेसाहला वर्ज्य असलेले खमिराचे अन्न) नाही, आणि असती तरीही जीव वाचवणे हे धर्मशास्त्रात सणाच्या नियमांहून वरचेच मानले आहे.

सेदरमध्ये वाइन किंवा द्राक्षरसाचे चार पेले प्यायचे असतात, त्यांचा विचार बारकाईने करायला हवा. द्राक्षरसाचे चार पूर्ण पेले घेतले तर सुमारे ५० ग्रॅम शर्करा पोटात जाते. पण पेला सुमारे ८६ मिलिलिटरचा असला तरी पुरतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग प्यायल्यास कर्तव्य पुरे होते, असे मानले जाते. म्हणजे शर्करेचे प्रमाण जवळजवळ अर्ध्यावर येते. आपल्याकडे किद्दुशसाठी (पेल्यावरच्या आशीर्वादासाठी) काळ्या मनुकांचे शरबत करतात. बाबांसाठी मला वाइनपेक्षा तेच बरे वाटते, मात्र त्यात वरून साखर घालू नये. वाइन कोरडी असली तर तिच्यात साखर फारशी नसते हे खरे, पण मद्यामुळे यकृत रक्तात साखर सोडायला कचरते आणि अशा गोळ्या घेणाऱ्यांची साखर मध्यरात्री अचानक उतरू शकते.

आठवडाभराच्या २५०चे मूळ, माझ्या मते, सेदरमध्ये नसून नंतरच्या खाण्यात आहे. यंत्रावर केलेला एक मात्झा (पेसाहची बिनखमिराची रोटी) साधारण ३० ग्रॅमचा असतो आणि त्यात २३ ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे दीड चपातीइतकी. तो हलका आणि कुरकुरीत असल्यामुळे चहाबरोबर दोन-तीन कधी संपतात ते कळत नाही. वास्तविक इस्राएलबाहेर मात्झा खाण्याची सक्ती पहिल्या दोन रात्रींपुरती आहे आणि तीही ठरावीक तुकड्यांची. सण आणि शब्बाथची (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची) जेवणे सोडली तर एरवी हामेत्स टाळले की पुरे. शिवाय सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या) रीतीच्या घरांत भात आणि डाळी चालतात. तुमच्याकडे तशी रीत असेल, तर दुपारी एक वाटी भात, त्याबरोबर डाळ, मासे आणि पालेभाजी असे ताट ठेवा. पण भात आणि मात्झा एकाच जेवणात नको. बटाटाही कर्बोदकांतच मोजा. खजुराचे हरोसेत (सेदरच्या ताटातले गोड मिश्रण) विधीपुरते चमचाभर पुरे.

तुकड्याचे नेमके माप, तसेच शब्बाथ आणि सणाच्या दिवशी ग्लुकोमीटर कसा वापरावा, हे तुमच्या हझानांना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) आधीच विचारा. जिथे जिवाला धोका असतो तिथे तपासणीला मुभा असते आणि ती त्यांच्या तोंडून ऐकली की बाबांच्या मनातला संकोचही जाईल. सेदरच्या रात्री वाचनाला बसण्यापूर्वी, जेवणाच्या तोंडावर आणि झोपताना अशी तीनदा साखर पाहा. झोपताना ती १००च्या खाली असेल, तर अर्धा मात्झा अंड्याबरोबर द्या आणि पहाटे तीनच्या सुमारास एकदा उठून पुन्हा तपासा.