इंग्रजीतील ‘टू गिव्ह फ्री रेन’ या वाक्प्रचाराचा अर्थ काय आणि तो कसा वापरावा?

या वाक्प्रचाराचा अर्थ आहे एखाद्याला पूर्ण मोकळीक देणे, त्याच्या निर्णयात हात न घालणे. ‘रेन’ म्हणजे घोड्याचा लगाम. अवघड उतारावर स्वार कधी कधी लगाम सैल सोडतो आणि पाऊल कुठे टाकायचे, किती वेगाने चालायचे, हे घोड्यालाच ठरवू देतो. तिथून ही प्रतिमा आली आहे. मात्र स्वार खोगिरावरच असतो आणि लगामाचे टोकही त्याच्याच हातात असते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. म्हणूनच याचे भाषांतर ‘मोकाट सोडणे’ असे करू नये, कारण त्यात बेफिकिरीची छटा येते. ‘पूर्ण मुभा देणे’ किंवा ‘मोकळे रान देणे’ अधिक योग्य.

‘द एडिटर गेव्ह हर फ्री रेन’ म्हणजे संपादकांनी तिला हवे तसे लिहिण्याची मुभा दिली. माणसाप्रमाणेच कल्पनाशक्ती, राग, उत्साह यांच्याबाबतही हा प्रयोग चालतो. याच्या उलट ‘टू कीप अ टाइट रेन’ म्हणजे लगाम आवळून धरणे.

लिहिताना एक चूक हमखास होते. पाऊस, राजवट आणि लगाम या तिन्ही अर्थांच्या इंग्रजी शब्दांचा उच्चार सारखाच असल्याने अनेक जण, अगदी इंग्रजी मातृभाषा असलेलेही, येथे राजवटीचे स्पेलिंग लिहितात. योग्य स्पेलिंग आर, ई, आय, एन असे आहे. त्यात जी हे अक्षर येत नाही.