वाचकांचे प्रश्न : निशाण हातातून हातात

प्रश्न : अमेरिकी लष्करात पदभार सोपवताना जुना कमांडर पलटणीचं निशाण थेट नव्याच्या हाती का देत नाही?

उत्तर : पलटण त्याच्या मालकीची नसते, म्हणून. अधिकार वरून मिळालेला असतो. तो वर परत जातो आणि तिथूनच नव्याकडे येतो. म्हणून कमांड सार्जंट मेजर, म्हणजे बटालियनमधला अधिकारी नसलेल्यांतला सर्वांत ज्येष्ठ सैनिक, निशाणधारकाकडून बटालियनचं निशाण घेऊन मावळत्या कमांडरला देतो. तो ते वरिष्ठ अधिकाऱ्याकडे सोपवतो, वरिष्ठ नव्या कमांडरच्या हाती देतो आणि नवा ते पुन्हा सार्जंट मेजरकडे. कमांडर बदलतात, निशाणाची राखण मात्र सार्जंट मेजरकडेच राहते. या फेरीतला हाच भाग आम्हाला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. राष्ट्रध्वज या फेरीत नसतो. कंपनीत, म्हणजे बटालियनच्या एका तुकडीत, हेच सारं छोट्या निशाणावर, म्हणजे गायडनवर होतं आणि सार्जंट मेजरच्या जागी कंपनीतला तसाच ज्येष्ठ सैनिक, फर्स्ट सार्जंट असतो.

घोटाळा होतो तो हातांचा. दोघांनी काठी एकाच उंचीवर धरली, तर घेणाऱ्याला पकडायला जागाच उरत नाही. वर कोण धरणार, खाली कोण, हे सरावातच ठरवा. घेणाऱ्याची पकड पक्की झाल्याशिवाय देणाऱ्याने हात सोडू नयेत. सरावही खऱ्या निशाणानेच करा. नुसत्या काठीला वारा लागत नाही. ऐन सोहळ्यात मात्र कापड तोंडावर येतं आणि पुढची पकड दिसेनाशी होते.

प्रश्न : नौदलातही असंच असतं का?

उत्तर : नाही. अमेरिकी नौदलात भर शब्दांवर असतो. जुना आणि नवा कमांडर दोघेही आपापला आदेश वाचतात. नवा म्हणतो, ‘मी आपल्याला कार्यमुक्त करतो’. जुना म्हणतो, ‘मी कार्यमुक्त झालो’. त्या क्षणी जबाबदारी बदलते. त्यामुळे ही दोन वाक्यं ध्वनिक्षेपकावर स्पष्ट ऐकू आलीच पाहिजेत. अधिकारी येताना शिट्टीच्या सलामीला दुतर्फा उभे राहणारे नौसैनिक नेहमी सम संख्येत असतात : कॅप्टनसाठी 4, तीन किंवा चार तारांकित अ‍ॅडमिरलसाठी 8.

प्रश्न : निवृत्तीच्या वेळी दिला जाणारा घडीचा अमेरिकी राष्ट्रध्वज नीट बसत नाही, लाल पट्टा बाहेर डोकावतो.

उत्तर : चूक बहुधा सुरुवातीला होते. ध्वज आधी लांबीच्या दिशेने दोनदा दुमडतात. तिथे कडा जुळल्या नाहीत की तिरकेपणा प्रत्येक त्रिकोणी घडीत वाढत जातो. घड्या पट्ट्यांच्या टोकाकडून घाला, प्रत्येक घडी ताणून. शेवटी फक्त निळा भाग आणि तारे दिसायला हवेत. पेटी ध्वजाच्या मापाचीच आणा. अंत्यविधीच्या 5 बाय 9.5 फुटी ध्वजाच्या पेटीत 3 बाय 5 फुटी ध्वज सैल पडतो.

प्रश्न : रांगेतले धट्टेकट्टे जवान चक्कर येऊन का पडतात?

उत्तर : निश्चल उभं राहिलं की पिंडऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत नाहीत. रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो, मेंदूला पुरवठा कमी पडतो. उन्हात रक्तवाहिन्या रुंदावतात, त्याने आणखी भर पडते. पोटभर न्याहारी करा, आदल्या दिवसापासून पाणी प्या. ऐन वेळी तांब्याभर ढोसून उपयोग नाही. गुडघे ताठ ठेवू नका. बुटात बोटं हलवत राहा, पिंडऱ्या आवळा-सोडा, हे बाहेरून दिसत नाही. कुणी पडलाच तर त्याला उठवून बसवू नका. आडवं ठेवा, पाय उंच करा, गळपट्टी सैल करा. वैद्यकीय पथक रांगेच्या मागेच असू द्या. प्रेक्षकांच्या बाजूने धावत यायला वेळ जातो.